वेदनेचे माप आणि मापाची पारख

न्यासाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा वृत्तान्त, देणगीदारांची नामावली, शिष्यवृत्त्यांचा तक्ता हे सारे इतरत्र आलेच आहे. आम्हां शुश्रूषा-मंडळातील मंडळींकडे संपादकांनी 'काही अभ्यासपूर्ण' मागितले, तेव्हा पुष्कळ विचार करून आम्ही एका कागदाविषयी लिहावयाचे ठरविले. हा कागद म्हणजे गृहभेटीस जाताना आमच्या पिशवीत असणारा एका पानाचा तक्ता होय. त्यावर नऊ लक्षणे छापलेली असून प्रत्येकापुढे शून्यापासून दहापर्यंत आकडे आहेत. रुग्णाने आपल्या त्रासाचा आकडा सांगावयाचा, आणि आम्ही त्याभोवती वर्तुळ काढावयाचे. ह्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा विषय. तो वरवर रूक्ष वाटेल. परंतु ज्यांच्या घरी बरे न होणाऱ्या दुखण्याचे माणूस महिनोन्‌महिने अंथरुणावर होते, अशी कुटुंबे आपल्या सभासदांत थोडीथोडकी नाहीत. त्यांना तो रूक्ष वाटणार नाही.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो. पेडणे तालुक्यातील एका गावी पोटाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका वृद्ध बाईंकडे आम्ही आठ-आठ दिवसांनी तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा 'दुखणे किती?' ह्या प्रश्नास आजींनी "बरें आसा, मातशें दुखता" असे उत्तर दिले आणि आम्ही २ ह्या आकड्याभोवती वर्तुळ काढले. डॉक्टरांनी तिन्ही कागद पाहून मॉर्फीनची मात्रा होती तेवढीच ठेवली. कागदावरून पाहता त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. चौथ्या खेपेस मुलगा औषधे आणावयास म्हापशाला गेला होता. चहा देता देता सूनबाई सहज म्हणाल्या की, आई गेले पंधरा-वीस दिवस आडव्याच होत नाहीत, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या रात्र काढतात. आम्ही आजींना पुन्हा विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "पुतामुखार कशें सांगूं गो? ताका आनीक हुस्को कित्याक?"

मात्रा त्याच सायंकाळी वाढली. पण तीन आठवड्यांच्या त्या रात्री काही परत आल्या नाहीत, आणि आमच्या फाइलीत त्या रात्रींची नोंद '२, २, २' अशीच आहे.

ह्या प्रकारानंतर आम्ही मापाविषयी वाचू लागलो. वाचता वाचता पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, मापाचे दोन वेगवेगळे गुण असतात आणि आम्ही त्यांची गल्लत करीत होतो. एक विश्वसनीयता, म्हणजे स्थिती बदललेली नसताना माप पुन्हा पुन्हा तेच उत्तर देते की नाही. दुसरा सप्रमाणता, म्हणजे जे मोजावयाचे तेच ते मोजते की नाही. शिक्षकमंडळींना हे शब्द परिचित आहेत. इतरांनी वाण्याच्या तराजूची आठवण करावी. तराजूला पासंग असेल तर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तेवढेच कमी देतो. दहा वेळा तोला, दहाही वेळा तेच वजन भरेल. तराजू अत्यंत विश्वसनीय, आणि वजन खोटे! आजींचा '२' हा असा पासंगाचा आकडा होता. उत्तर स्थिर आहे म्हणून ते खरे आहे, हा आमचा समज ह्या ठिकाणी फसला. उलट बाजूने मात्र नियम कडक आहे. जे माप आज एक, उद्या भलतेच सांगते, ते खरे असूच शकत नाही. म्हणून पारख विश्वसनीयतेपासूनच सुरू करावी लागते, पण तेथे थांबता येत नाही.

आता ह्या कागदाचे कूळ थोडक्यात सांगतो. कॅनडातील एडमंटन शहरी एदुआर्दो ब्रुएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला व १९९१ साली प्रसिद्ध केला. शहराच्याच नावावरून त्यास एडमंटन तक्ता म्हणतात. मूळ कागदावर आकडे नव्हते, शंभर मिलिमीटरची एक रेघ होती व रुग्णाने तिच्यावर खूण करावयाची होती. पुढे सोयीसाठी शून्य ते दहा आकडे आले. दुखणे, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, भूक, धाप, उदासपणा, चिंता आणि एकंदर बरे वाटणे अशी त्यातील नऊ कलमे. असे माप हवे कशाला, असे कोणी विचारील. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगते. वेदना मात्र ज्याची त्याने सांगितल्यावाचून कळत नाही, आणि औषधाची मात्रा तर तिच्यावरच ठरवावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. सौम्य वेदनेस एक औषध, मध्यमेस दुसरे, तीव्र वेदनेस मॉर्फीन. सौम्य कोणती आणि तीव्र कोणती हेच चुकले, तर शिडी असून उपयोग नाही.

आपल्याकडे ही शुश्रूषा फार जुनी नाही. लंडनला सिसिली सॉन्डर्स ह्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णाश्रयस्थान उघडले. मुंबईत डॉ. लुईस जुझे डिसोझा ह्यांनी १९८६ साली शांती आवेदना ही देशातील अशी पहिली संस्था सुरू केली, आणि तिची एक शाखा आपल्या गोव्यात लोटली येथे आहे. १९९३ साली केरळात कोळिकोडे येथे डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आदींनी जे काम आरंभिले, त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांनी घरी जाऊन सेवा करण्याची पद्धत रुजली. आमचे मंडळ त्याच वाटेने चालू पाहते. २०१२ साली केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि २०१४ साली अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीनसारख्या आवश्यक औषधांचे नियम सुटसुटीत झाले. लोटली सासष्टीत, बांबोळीचे मोठे रुग्णालय मांडवीपलीकडे. तेरेखोलच्या किंवा साळच्या घरातून तेथवर जाणे म्हणजे अशा रुग्णास दिवसभराची यातायात. म्हणूनच डॉक्टरांच्या हाती पुष्कळदा रुग्ण नव्हे, आम्ही भरून आणलेला कागदच पोचतो. कागद चुकला तर दुरुस्त करावयास दुसरे कोणी नाही.

विश्वसनीयता पारखण्याचे जे प्रकार ग्रंथांत सांगितले आहेत, त्यांपैकी पहिला म्हणजे त्याच माणसास पुन्हा विचारणे. शाळेत पंधरवड्याने तीच परीक्षा पुन्हा घेऊन गुण ताडून पाहतात. आमच्या रुग्णांच्या बाबतीत पंधरवडा म्हणजे फार मोठा काळ. सकाळी ३ असलेली वेदना दुपारी ७ होते, गोळी घेतल्यावर तासाभरात पुन्हा उतरते. आकडा बदलला तर माप चुकले की दुखणेच बदलले, हे कसे समजावे? फार लवकर विचारावे तर रुग्णास आपले मघाचे उत्तर आठवते आणि तो तेच म्हणतो. म्हणून जाणते लोक अंतर थोडे ठेवतात, आणि त्यातही 'मघापेक्षा काही फरक वाटतो का?' असे निराळे विचारून, ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांचेच आकडे ताडून पाहतात. आम्हीही आता आल्याबरोबर एकदा आणि निघताना एकदा विचारतो. गोळीची वेळही शेजारी लिहितो, कारण तिच्यावाचून आकड्यास अर्थ नाही.

दुसरा प्रकार, दोघांनी मोजणे. गोव्यात भात पायलीने, कुडवाने, खंडीने मोजत. पायली तीच, पण एक मापारी शीग लावून भरी व दुसरा काठोकाठ सपाट करी. वर्षाअखेरीस त्यावरून कूळ आणि भाटकार ह्यांच्यांत तंटे होत. आमच्याही मंडळात काही भगिनी शीग लावणाऱ्या आणि काही सपाट करणाऱ्या आहेत, हे आम्हांस फार उशिरा कळले. रुग्ण कण्हला की एकीच्या कागदावर ८ पडे, दुसरीच्या ५.

येथे हिशेबाचे एक उदाहरण देतो, सभासदांनी कंटाळू नये. कल्पना करा की वीस रुग्णांकडे दोघी भगिनी वेगवेगळ्या गेल्या आणि 'त्रास तीव्र आहे की नाही' एवढेच नोंदवून आल्या. सोळा ठिकाणी दोघींनी 'नाही' लिहिले, एका ठिकाणी दोघींनी 'आहे' लिहिले, एकदा पहिलीने 'आहे' व दुसरीने 'नाही', आणि दोनदा त्याच्या उलट. वीसपैकी सतरा जुळले, म्हणजे शेकडा ८५! कोणत्याही वार्षिक अहवालात हा आकडा अभिमानाने छापला जाईल. पण थांबा. पहिलीने एकंदर दोनदा 'आहे' म्हटले, दुसरीने तीनदा. दोघींनी रुग्णाचे तोंडही न पाहता घरी बसून त्याच प्रमाणात चिठ्ठ्या काढल्या असत्या, तरी निव्वळ योगायोगाने शेकडा ७८ ठिकाणी जुळले असते. म्हणजे योगायोगापलीकडे मिळविण्याजोगे होते २२, आणि मिळविले अवघे ७. सातास बावीसने भागले की सुमारे ०.३२ येतात, पूर्ण एकमत असते तर १ आले असते. जेकब कोहेन ह्यांनी १९६० साली सांगितलेले हे गणित असून त्यास 'कॅपा' म्हणतात. गणित नको असेल त्यांनी एवढेच पाहावे की, ज्या चार घरी कोणा एकीला तरी तीव्र त्रास दिसला, त्यांपैकी एकाच घरी दोघींचे जुळले. आणि मदत हवी होती ती त्या चार घरांनाच.

तिसरा प्रकार म्हणजे कागदातील कलमे एकमेकांशी किती जुळतात ते पाहणे. त्याचा क्रोनबॅक ह्यांनी १९५१ साली मांडलेला 'आल्फा' नावाचा आकडा शोधनिबंधांत हटकून आढळतो. आमच्या मते आपल्या कामासाठी त्यास फार मान देऊ नये. गणिताच्या पेपरातील दहा प्रश्न एकाच विद्येचे असतात, ते जुळलेच पाहिजेत. पण मळमळ आणि धाप ह्यांनी जुळावे कशासाठी?

खरी अडचण आम्हांस आढळली ती भाषेत, आणि येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. पेडणे-डिचोलीकडील आमची बरीच वृद्ध मंडळी वाचतात मराठी आणि बोलतात कोकणी. पोथी मराठी, वर्तमानपत्र मराठी, देवळातील कीर्तन मराठी. पण रात्री दोन वाजता कळ आली की तोंडातून निघते ती घरची बोली. इस्पितळाचे कागद तर इंग्रजीत. म्हणजे एकच वेदना तीन भाषांतून गाळून डॉक्टरांपर्यंत पोचते. कोणी एकाने तक्त्याचे मराठी करताना उदासपणाच्या जागी 'उदासीनता' असा भारदस्त शब्द घातला होता. मराठीत उदासीन म्हणजे ज्याला कशाचे सोयरसुतक नाही तो. साखळीचे एक निवृत्त शिक्षक तो शब्द वाचून आम्हांस म्हणाले, "उदासीनता यायला साधना लागते हो, ती मला कुठली? शून्य घाला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. दुसरा शब्द 'खंत'. मराठीत ती घडून गेलेल्या गोष्टीविषयीची चुटपुट; कोकणीत साधे दुःखही खंतच. एकाच घरात सासऱ्याने एक अर्थ घ्यावा आणि नातवाने दुसरा, अशी स्थिती.

भुकेची गंमत तर मूळ इंग्रजी कागदातच होती. तेथे भुकेपुढे शून्य म्हणजे उत्तम आणि दहा म्हणजे अगदी वाईट असे होते. 'भूक दहा' म्हटल्यावर सडकून भूक लागली असे कोणास वाटणार नाही? आमच्याकडे तर दहापैकी दहा मिळाले की पेढे वाटतात. थकवा आणि झोपाळूपणा ह्यांतही रुग्णांचा गोंधळ होई. ह्या तक्रारी सगळीकडूनच आल्या, म्हणून २०११ साली सुधारलेला तक्ता निघाला. त्यात 'भूक न लागणे' असे स्पष्ट केले, थकवा म्हणजे शक्ती नसणे व झोपाळूपणा म्हणजे झोप येत राहणे असे खुलासे जोडले, आणि 'आत्ता कसे वाटते' अशी वेळही बांधून दिली. कॅनडातील माणसांचाही गोंधळ होतो हे वाचून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे हायसे वाटले.

अनुवादाची रीतसर पद्धत अशी की, दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावे, ते ताडून एक करावे, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि शेवटी काही रुग्णांना वाचून दाखवून 'तुम्हांला ह्यातून काय समजले?' असे विचारावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील मंडळींनी युरोपातील कर्करोग-संशोधन संघटनेच्या तीस प्रश्नांच्या पत्रिकेची हिंदी व मराठी रूपे अशीच रुग्णांवर पारखून २००५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तीस प्रश्न ही मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसास शिक्षाच; त्यासाठी पुढे पंधरा प्रश्नांची आवृत्तीही निघाली.

शब्दांचे महत्त्व रोनाल्ड मेलझॅक ह्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९७५ साली माँट्रियलला त्यांनी वेदनेच्या ७८ शब्दांची पत्रिकाच तयार केली. आपली भाषा त्या बाबतीत दरिद्री नाही. ठणका वेगळा, ठसठस वेगळी, कळ वेगळी. शूळ, चमक, मुरडा, चुरचुर, दाह, सल, उसण, मुंग्या, अवघडणे ह्यांतील एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. शिवाय हे शब्द डॉक्टरांना उपयोगी पडतात, कारण नस दुखावल्याच्या जळजळीवर आणि मुंग्यांवर औषध निराळे, आणि आतड्याच्या मुरड्यावर निराळे. '६' हा आकडा ह्यांतले काहीच सांगत नाही.

काही वृद्धांना शून्य-दहाची शिडीच उमगत नाही. सोळा आण्यांचा रुपया ज्यांनी हाताळला, त्यांना 'रुपयात किती आणे दुखते?' असे विचारले की ते चटकन 'बारा आणे' म्हणतात. आमचा अनुभव चांगला आहे. परंतु एका रुग्णास एकदा आण्यांत आणि पुढच्या खेपेस दहांत विचारून दोन्ही एका रांगेत मांडणे म्हणजे कुडव आणि किलो एका बेरजेत घालणे होय. मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रे असतात. २००१ च्या सुधारित चित्रांत हसू आणि अश्रू मुद्दाम वगळले आहेत, नाहीतर मूल दुखण्याचे नव्हे, रडू येण्याचे चित्र दाखविते.

आणि जो बोलूच शकत नाही त्याचे काय? घरच्या माणसास विचारावे, हे ओघानेच आले. अनेक ठिकाणच्या अभ्यासांत असे दिसले आहे की, उलटी, धाप अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत घरचे व रुग्ण ह्यांचे उत्तर बरेच जुळते. चिंता, उदासपणा ह्यांत जुळत नाही. वेदनेच्या बाबतीत घरचे माणूस पुष्कळदा आकडा चढवून सांगते, आणि वैद्यकातील माणूस उतरवून. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी २००३ साली एक निरीक्षणाचे माप निघाले. त्यात श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे ह्या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. ते उपयुक्त आहे. फक्त ते अस्वस्थता मोजते, आणि लघवी तुंबलेला माणूसही तितकाच अस्वस्थ असतो, एवढे भान ठेवावे.

आकडा बदलला म्हणजे केव्हा बदलला म्हणावे, हाही प्रश्न आहे. अनेक देशांतील रुग्णालयांत झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडमंटन तक्त्यावरील एका अंकाचा फरकही रुग्णांना जाणवण्याजोगा ठरला. वेदनेविषयी २००१ सालचा दुसरा एक अभ्यास दोन अंक किंवा शेकडा तीस घट ही खूण मानतो. पण हे पुष्कळ रुग्णांच्या सरासरीचे हिशेब. आमच्या दोघी भगिनींतच तीन अंकांचा फरक पडत असेल, तर एका आजोबांचा ६ वरून ५ झाला म्हणून औषध लागू पडले असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

ह्या सगळ्या वाचनानंतर आम्ही काही बदल केले आहेत. एका रुग्णाकडे शक्यतो एकच भगिनी जाते. महिन्यातून एकदा दोघी मिळून जातात, कागद वेगवेगळे भरतात आणि परतीच्या वाटेवर ताडून पाहतात. त्यावरून वाद होतात, एकदा तर साखळीपासून डिचोलीपर्यंत चालला! प्रश्न छापील मराठीत, पण विचारणे बोलीत. कोणता बोलीशब्द वापरावयाचा तो ठरवून कागदाच्या पाठीवर लिहून ठेवला आहे, म्हणजे प्रत्येकीने आपला शब्द काढू नये. रुग्णास थोडा वेळ तरी एकट्यास विचारावयाचे. ह्यावर काही घरी नाराजी होते, मुलांना वाटते आमच्यापासून काय लपवायचे आहे. त्यांना आम्ही आजींची गोष्ट सांगतो. आकड्याखेरीज तीन गोष्टी घरच्यांना विचारून लिहावयाच्या: रात्री झोप किती, कुशीवर वळता येते का, आणि जेवण कोणाच्या हातचे व किती. ह्या तिन्हींचे उत्तर आकड्याशी विसंगत असेल तर कागदावर तांबडी फुली करून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावयाचा.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात तयार झालेल्या एका पत्रिकेत पहिलाच प्रश्न असा असतो की, गेल्या काही दिवसांत तुम्हांला मुख्य त्रास कशाचा झाला ते स्वतःच्या शब्दांत सांगा. तो प्रश्न आम्ही आमच्या कागदाच्या शिरोभागी घेतला आहे आणि खाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. परवा मये येथील एका आजोबांचा कागद आला. दुखणे ३, धाप ४, भूक न लागणे ६ असे आकडे होते, आणि वरच्या कोऱ्या ओळीत त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरांत लिहिले होते, "बायकोला झोप नाही." आमच्या नऊ कलमांत त्यास जागा नव्हती. त्या घरी आता आठवड्यातून दोन रात्री आमच्यापैकी कोणीतरी झोपावयास जाते.